तो थ्रीडी व्हिडिओ आता मला कुणी पाठवू नका

सकाळपासून जो ग्रुप उघडावा तिथे तोच व्हिडिओ. सोसायटीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, आणि कहर म्हणजे आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर पण, जिथली निम्मी पोरं माझगाव घोडपदेवची आहेत, त्यांनी तरी जरा विचार करून फॉरवर्ड करायचं ना.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मुंबईचा पूर्व किनारा, म्हणजे कुलाब्याच्या ससून डॉकपासून पार वडाळ्यापर्यंतची बंदराची जागा, कशी बदलणार त्याचं कम्प्युटरवर केलेलं चित्र. ड्रोन उडतोय, खाली निळंशार पाणी, काचेचे टॉवर, पांढऱ्या पांढऱ्या याट, एक बाई कुत्र्याला घेऊन पळतेय, कॅफेत बसलेली माणसं सगळी पंचवीस वर्षांची आणि सगळी गोरी. वरून फ्लेमिंगोंचा थवा. मागे पियानो. आणि आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी खाली लिहिलंय, "अखेर या मेलेल्या भागात जीव येणार." त्याला अंगठे, टाळ्या, एकाने तर हात जोडलेत.

आता मला सांगा, समुद्र निळा कुठाय तिकडे? शिवडीच्या जेट्टीवर ओहोटीच्या वेळी जाऊन उभे राहा, लांबपर्यंत नुसता चिखल दिसेल, आणि त्या चिखलातलं शेवाळ आणि बारीक किडे खायलाच तर फ्लेमिंगो येतात. तुम्ही तिथे दगडी कठडा बांधून निळं पाणी आणणार असाल तर ते पक्षी काय खाणार, तुमच्या कॅफेतलं सँडविच?

असो. पक्ष्यांचं बघायला बरेच लोक आहेत. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा.

माझे अण्णा गोदीत होते. डॉक लेबर बोर्डाचे कामगार, टोळीत. जहाज लागलं की आत उतरून माल काढायचा. गहू, खत, लोखंड, खजूर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गंधक. गंधकाचं जहाज लागलं की आम्हाला घरात आधीच कळायचं, कारण अण्णा दारात यायच्या आधी वास यायचा, आणि बनियन पिवळं, डोळे लालबुंद. आई बादलीत पाणी काढून ठेवायची आणि म्हणायची, आधी डोळं धुवा, मग बोला. आम्ही राहायचो घोडपदेवला, चाळीत, तिथून समुद्र किती लांब? हार्बर लाइन ओलांडली की झालंच. चालत जाता येईल इतका जवळ आणि आमच्या चाळीतल्या एकाही बाईने तो समुद्र बघितलेला नव्हता. कारण मध्ये भिंत. बीपीटीची, म्हणजे बॉम्बे पोर्ट ट्रस्टची भिंत. मुंबईत राहून आम्हाला समुद्र बघायचा म्हटलं की बस पकडून गिरगाव चौपाटीला जायचो, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि घरामागच्या समुद्राचा नुसता भोंगा ऐकू यायचा.

एकदा अण्णा डबा विसरून गेले. आई मला घेऊन डबा द्यायला निघाली, मी सातआठ वर्षांची असेन. गेटवर वॉचमनने अडवलं, पास आहे का विचारलं. तो बिचारा त्याची ड्युटी करत होता, त्याच्यावर राग नाही, बंदर म्हणजे काय कुणीही यावं जावं असं ठिकाण नसतंच. निरोप गेला, अण्णा बाहेर आले, अंगभर पिवळे. आईने डबा दिला आणि हळूच विचारलं, "जहाज दिसंल का हितनं?" दिसत नव्हतं. भिंतीच्या वर फक्त एका क्रेनची मान दिसत होती. मग अण्णांनी हात वर करून सांगितलं, आपली चाळ तीनदा एकावर एक ठेवली तरी जहाज वर उरेल. आई बराच वेळ वर बघत होती, जिथे त्यांनी हात केला होता तिकडे.

आता हे त्या व्हिडिओवाल्यांना कुठून माहीत असणार. ठीक आहे, नसू दे. पण मग "मेलेला भाग" म्हणू नका ना राव.

आणि मेला म्हणजे कसा मेला ते पण जरा बघा. आपोआप नाही मेला. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट झाला, १८७५ ला ससून डॉक, १८८० ला प्रिन्सेस डॉक, १८८८ ला व्हिक्टोरिया डॉक, १९१४ ला अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आपण आता इंदिरा डॉक म्हणतो. त्या खोदकामातून निघालेली माती आणि दगड टाकून बॅलार्ड इस्टेट उभी केली, जिथे लोक आता इन्स्टाला फोटो काढायला जातात आणि म्हणतात किती युरोपसारखं वाटतं. अरे ती गोदीतून उपसलेली माती आहे! मग कंटेनर आले. कंटेनरच्या जहाजाला खोल पाणी लागतं, मागे अफाट मोकळी जागा लागते, ट्रकना रस्ता लागतो, आणि माणसं लागतच नाहीत. मुंबईच्या पोटातून रात्रंदिवस ट्रेलर चालवणार कोण? म्हणून १९८९ ला पलीकडे न्हावा शेवा सुरू झालं आणि माल तिकडे वळला. अण्णांची टोळी रिकामी बसायला लागली. हजेरी लावायची, दिवसभर पत्ते खेळायचे, घरी यायचं. अण्णा म्हणायचे काम करून इतका थकलो नाही तेवढा बसून थकलो.

नंतर प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉक तर चक्क बुजवले. कंटेनर ठेवायला जागा पाहिजे म्हणून. आणि तो कंटेनरचा मोठा बेत काही ठरल्यासारखा चालला नाहीच. म्हणजे शंभर वर्षांच्या गोद्या भरल्या आणि वर मोकळं मैदान झालं. ह्याच व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ ला फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं होतं, दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकाच जहाजात, आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवान तिथेच गेले, शेकडो गोदी कामगार गेले. अजूनही दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. भायखळ्याला त्यांचं स्मारक आहे. व्हिडिओत ह्यातलं काय आहे, तर एक कारंजं आहे. नाचणारं. लाइटवालं.

बरं आता कुणी म्हणेल ताई तू विकासाच्या विरोधात. नाही हो नाही. मी आठवड्याला हार्बरने जाते येते, मला दिसतंय रे रोड कॉटन ग्रीनच्या खिडकीतून काय अवस्था आहे. गोदामांचे पत्रे उडालेत, ट्रक उभे, भंगाराचे डोंगर, संध्याकाळी सातनंतर एकट्या बाईने तिथून चालायची सोय नाही. गर्दुल्ले आहेत. मान्य. हे असंच राहू दे असं मी कशाला म्हणेन. आणि सगळं बंद आहे असं पण नाही बरं का, कच्चं तेल आजही जवाहर द्वीपला उतरतं, गाड्या चढतात, स्टील येतं, क्रूझवाले येतात, बॅलार्ड पिअरला नवं चकाचक टर्मिनल पण झालं. पण बाकीची शेकडो एकर जमीन आहे, ती मोकळी होणार, आणि ती मोकळी झाल्यावर कुणाच्या हातात जाणार हा एवढाच प्रश्न आहे आणि तो कुणीच विचारत नाहीये. सगळे कारंजं बघतायत!

कारण हा पिक्चर आपण एकदा बघितलाय. विसरलात? आमच्या चाळीत निम्मी घरं गोदीची, निम्मी गिरणीची. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अण्णांचा पगार चालू होता म्हणून आमच्याकडे दोन वेळा चूल पेटायची, आणि शेजारच्या काकू पीठ मागायला यायच्या तेव्हा आई मला दुसऱ्या खोलीत पाठवायची, म्हणजे काकूंना लाज वाटू नये म्हणून. दुसरी खोली म्हणजे काय, पडद्यामागे. गिरण्या परत नीट चालू झाल्याच नाहीत. मग १९९१ ला नियम आला की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. किती छान ना? कागदावर मैदानं होती, बागा होत्या, घरं होती. २००१ ला त्यात बदल केला, की वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त जी आधीच मोकळी पडलीये तिची. गिरणीत मोकळी जागा असते केवढीशी? सगळी शेड आणि खाती. २००६ ला सुप्रीम कोर्टाने पण तेच उचलून धरलं. झालं. मैदानं गेली, मॉल आले. गिरणी कामगारांच्या घरांसाठी लाखाच्या वर अर्ज, आणि संप करणारा माणूस म्हातारा होऊन वारला तरी नंबर लागेना, आणि आता त्याच्या मुलाला सांगतात शेलूला घर घ्या, वांगणीला घ्या. परळला जन्मलेल्याला वांगणी!

आता गोदीवाल्यांना कुठलं स्टेशन दाखवणार, कसारा?

मला खरंच संताप येतोय हे टाइप करताना, मध्ये चहा करून आले तरी उतरला नाही.

गिरण्यांची जमीन निदान मालकांची होती असं तरी म्हणायला जागा होती. (म्हणजे एनटीसीच्या, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या सरकारीच होत्या, पण जाऊ दे.) ही तर सरळ सरळ सरकारी जमीन आहे, तुमची माझी. पोर्ट ट्रस्टची आता पोर्ट ऑथॉरिटी झाली, २०२१ चा कायदा आला, पण जमीन तीच ना. २०१४ ला ह्या जमिनीचं काय करायचं ते सुचवायला राणी जाधव समिती नेमली, त्या स्वतः पोर्ट ट्रस्टच्या माजी अध्यक्ष. मग २०१८ ला पोर्ट ट्रस्टलाच नियोजन प्राधिकरण केलं, ९६६ हेक्टरचा आराखडा काढला, हरकती सूचना मागवल्या. ९६६ हेक्टर! मुंबईत एवढी सलग जागा परत कधी मिळणार नाही, आपल्या नातवंडांना पण नाही. आणि त्यानंतर आपण काय बघतोय, तर एकेक तुकडा. इथे मरिना, तिथे टर्मिनल, मध्ये बोगद्याचं तोंड. अख्ख्या किनाऱ्याचं काय ठरलंय ते तुमच्यापैकी किती जणांना सांगता येईल?

मला कुणीतरी लंडन सांगेलच. सांगितलंच, नणंदेचा मुलगा तिकडे असतो, त्याने सकाळीच लिहिलं, मामी कॅनरी वॉर्फ बघा, ते पण असंच बंद पडलेलं बंदर होतं. बघितलंय रे बाळा, फोटोत बघितलंय. १९८१ ला तिथे खास महामंडळ केलं, करात सवलती दिल्या, बँका आल्या, टॉवर आले. चांगलं आहे. पण जुने गोदीवाले तिथे ओरडत होते की ही घरं आम्हाला परवडणारी नाहीत, ते पण वाच कधी. एक मात्र मान्य, तिथे थेम्सच्या काठाने कुणीही चालू शकतं, फुकट, पास लागत नाही. बस. मला तेवढंच पाहिजे. पहिल्यांदा तेवढंच.

म्हणजे माझं म्हणणं साधं आहे. टॉवर नंतर बांधा, मरिना नंतर करा. आधी भिंतीत दरवाजे करा आणि पाण्यापर्यंत पायवाट द्या. ससून डॉकपासून शिवडीपर्यंत जिथे जिथे सुरक्षेचा प्रश्न नाही तिथे पाण्याच्या कडेने साधा रुंद फुटपाथ, बाकडी, झाडं, मुतारी (हो, बायकांसाठी पण), आणि घोडपदेवहून, दारूखान्यातून, कॉटन ग्रीनहून चालत तिथे पोचता आलं पाहिजे. गाडी लावून नाही, चालत. हे आधी झालं की मग जो कोणी बिल्डर येईल त्याला त्या पायवाटेच्या मागे बांधावं लागेल. उलटं झालं की काय होतं ते माहितीये आपल्याला, टॉवर आधी येतो, मग गेट येतं, मग वॉचमन येतो आणि मग विचारतो, पास आहे का.

बघा, परत तिथेच आले मी.

नौदलाची जागा आहे, तेलाच्या पाइपलाइन आहेत, माझगाव डॉकला पाणबुड्या बांधतात, तिथून कुणी पायवाट मागत नाहीये, एवढी अक्कल आम्हालाही आहे.

आणि पैशाचं. पोर्टला पैसा लागतो, हजारो पेन्शनरांचं ओझं आहे, जमिनीतून उत्पन्न आलं नाही तर पेन्शन कुठून देणार, हे पण खरंय. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू, अण्णा गेल्यावर आईची फॅमिली पेन्शन तिथूनच यायची, त्याच पेन्शनवर माझ्या धाकट्या भावाचं शिक्षण झालं. म्हणून तर म्हणते विकू नका, भाड्याने द्या, ऑफिसं आणा, हॉटेलं आणा, कमवा ना. कडेची पट्टी सोडा फक्त.

आणि आत राहणारी माणसं. कौला बंदर, दारूखाना, तिथल्या वस्त्या. केंद्राची जमीन म्हणून राज्याची झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना लागू नाही, म्हणून कित्येक वर्षं पालिकेचा नळ पण नव्हता, पंपवाल्याकडून पाइपने पाणी विकत घ्यायचं, आणि ते पालिकेच्या पाण्यापेक्षा कितीतरी महाग. ही माणसं जहाजं तोडतात. २०१४ ला आपली विक्रांत, १९७१ च्या युद्धातली विक्रांत, तोडायला दारूखान्यात आणली तेव्हा सगळा देश हळहळला, आमच्या चाळीतली पोरं फटीतून बघून आली. ती कापणारे हात कुणाचे होते, ते आता कुठे राहतात, हे कुणी विचारलं? व्हिडिओत ती वस्ती नाही. तिथे गवत आहे. एकदम हिरवं, कापलेलं गवत. माणसं कुठे गेली ते ड्रोनवाल्याला विचारा.

(सोसायटीतले काका हे वाचत असतील तर, काका, राग मानू नका, तुम्ही चांगले आहात, पाणी गेल्यावर तुम्हीच सगळ्यांसाठी टँकर बोलावता.)

२०१३ ला ईस्टर्न फ्रीवे सुरू झाला, गोदीच्या बाजूने जाणारा तो उंच रस्ता. तोवर अण्णा गेले होते. मी चेंबूरला राहायला आलेले, आई माझ्याकडे. तिला टाउनमधल्या हॉस्पिटलला तपासणीला न्यायचं होतं, टॅक्सी फ्रीवेवरून निघाली. शिवडी गेलं आणि डाव्या हाताला सगळं एकदम उघडलं. गोदामांची छपरं, मैलभर छपरं, मध्ये रूळ, पलीकडे क्रेन, आणि त्याच्यामागे पाणी, आणि पाण्यात जहाजं. आई खिडकीला चिकटली. म्हणाली, "आगं, हे येवढं हाय व्हय? ह्यांनी कधी सांगितलंच न्हाय." मी म्हटलं, अगं सांगायचे की, हात करून. ती म्हणाली, हात क्येवढा आसतो मानसाचा. मग ड्रायव्हरला म्हणाली, बाबा जरा थांबव की. तो म्हणाला, "आजी, इथे गाडी थांबवता येत नाही, फाइन पडतो." बरोबरच होतं त्याचं. दोन मिनिटात ऑरेंज गेट आलं आणि गाडी खाली उतरली.

तिचं सगळं आयुष्य त्या भिंतीच्या अलीकडे गेलं. नवऱ्याचे पिवळे कपडे धुतले, भोंग्यावर घड्याळ लावलं, आणि बघायला मिळालं ते चालत्या टॅक्सीतून. पुढच्या वर्षी गेली ती.

म्हणून मला त्या गोऱ्या बाईचा आणि तिच्या कुत्र्याचा राग येतो. बाईचा पण नाही खरं तर, पळू दे की तिला, जागा मोप आहे. पण तिच्या बाजूला डबा घेऊन आलेली एक लुगड्यातली म्हातारी काढायला त्या कम्प्युटरवाल्याला किती वेळ लागला असता? एक कोळीण? एक हातगाडी? भाऊच्या धक्क्यावर पहाटे जाऊन बघा किती जीव आहे त्या "मेलेल्या" भागात, पाय ठेवायला जागा नसते, मासळीचा लिलाव चाललेला, रेवसची लाँच पकडायला पिशव्या घेतलेली माणसं. ससून डॉकला २०१७ ला ते आर्टचं मोठं प्रदर्शन झालं होतं तेव्हा मी गेले होते, आवडलं मला, खोटं कशाला बोलू, जुन्या गोदामात कोळणींचे मोठमोठे फोटो लावलेले. पण आत फोटोपुढे सेल्फी आणि बाहेर खऱ्या कोळणी कोळंबी सोलत बसलेल्या, त्यांच्या शेजारून नाकाला रुमाल लावून जाणारे तेच लोक. मी माझ्या लेकीला तिथेच रुमाल खाली करायला लावला. ती अजून चिडवते मला त्यावरून.

चिडवू दे.

जास्त झालं लिहून, भाजी फोडणीला टाकायचीये. कॉमेंटमध्ये राजकारण आणू नका, ह्या पक्षाने केलं त्या पक्षाने केलं, १९९१ ला एक होते, २००१ ला तेच होते, आता दुसरे आहेत, जमिनीला काही फरक पडत नाही. ज्यांचे वडील, काका, सासरे गोदीत किंवा बीपीटीत होते त्यांनी आपापल्या घरातलं लिहा, कुठल्या डॉकला होते, काय काम होतं, मला वाचायचंय. आणि २०१८ च्या आराखड्याची पीडीएफ कुणी तेव्हा डाउनलोड करून ठेवली असेल तर प्लीज इनबॉक्स करा, विशेषतः रे रोड ते दारूखाना भागाचा नकाशा हवाय. मराठीतली प्रत असेल तर आधी ती पाठवा, चाळीत वाचून दाखवायचीये.